एकट्याचा आयपी

त्याचं नाव म्हणजे चार आकडे आणि मधली तीन टिंबं: २०३.०.११३.२५. हा पत्ता मी मुद्दाम निवडला आहे. २०३.०.११३ ने सुरू होणारे सगळे २५६ पत्ते २०१० पासून फक्त पुस्तकांत आणि उदाहरणांत लिहिण्यासाठी राखून ठेवले आहेत. ते कुणाला दिले जात नाहीत, त्यांच्यामागे कुठलाही सर्व्हर नसतो. कामावर असलेल्या एखाद्या खऱ्या पत्त्याचं नाव असं छापून टाकणं बरं नव्हे, म्हणून त्याच्या कुळातला हा एक समोर बसवून चित्र काढतो आहे.

होस्टिंगच्या धंद्यात त्याला डेडिकेटेड आयपी म्हणतात. एकाच वेबसाइटला वाहिलेला, दुसऱ्या कुणाचं काम न करणारा पत्ता. अंगकाठीने तो इतर कुठल्याही आयपी ॲड्रेससारखाच. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजात सगळ्यांची घडण ठरली: बत्तीस बिट, प्रत्येक आकडा शून्य ते २५५, आणि एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्या वेळी जगाची लोकसंख्याच साडेचारशे कोटींच्या आसपास होती आणि संगणक मोजक्या विद्यापीठांत नि प्रयोगशाळांत होते. हे पत्ते कधी कमी पडतील असं तेव्हा वाटण्याचं कारण नव्हतं.

स्वभावाने तो अबोल. आपण कुणाचं काम करतो हे त्याला ठाऊक नसतं. शाळेची साइट असो, पतसंस्थेची असो की साड्यांच्या दुकानाची, कुणी ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर हाक मारली की त्याने आपल्या वाट्याचं, साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट पुढे करायचं, एवढंच त्याचं काम. नाव विचारायचं नाही, चेहरा पाहायचा नाही. आणि नेमकं हेच, नाव न विचारता योग्य सर्टिफिकेट देणं, पंधराएक वर्षं दुसऱ्या कुणालाही जमत नव्हतं. त्याचा सगळा मान त्यातून आला.

आधी साध्या, कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन नसलेल्या साइटींचं पाहू. वेबच्या अगदी सुरुवातीला ब्राउझर सर्व्हरकडे नुसतं पान मागत असे, साइटचं नाव सांगत नसे. एक पत्ता म्हणजे एकच साइट, असा सरळ हिशेब होता. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी या वेबच्या बोलीची १.१ ही आवृत्ती आली आणि प्रत्येक मागणीत ‘होस्ट’ नावाची ओळ लिहिणं ब्राउझरला बंधनकारक झालं: मला अमुक साइटचं पान हवं आहे. त्या एका ओळीने होस्टिंगचं अर्थकारण पालटलं. एका सर्व्हरवर, एकाच आयपीवर शेकडो साइटी मांडता येऊ लागल्या. शेअर्ड होस्टिंग स्वस्त झालं, आणि तालुक्याच्या गावातल्या छापखान्यालाही वेबसाइट परवडू लागली.

कुलूप असलेल्या साइटी मात्र मागेच राहिल्या. नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल ही कुलूप लावायची पद्धत बाजारात आणली तेव्हा संभाषणाचा क्रम असा ठरला: ब्राउझरने सर्व्हरचा आयपी गाठायचा, सर्व्हरने लगेच सर्टिफिकेट दाखवायचं, त्यावरचं नाव पटलं की दोघांनी मिळून किल्ली ठरवायची, आणि मग पुढचं सगळं बोलणं त्या किल्लीने बंद करून पाठवायचं. ती होस्ट नावाची ओळही त्या बंद बोलण्यातच. पाकीट कुणाचं आहे ते आतल्या चिठ्ठीत लिहिलेलं, आणि ज्याचं असेल त्याच्याच किल्लीने पाकीट उघडणार, असा तो पेच. कोणतं सर्टिफिकेट दाखवायचं हे कळायला साइटचं नाव हवं, आणि नाव कळायला आधी सर्टिफिकेट दाखवायला हवं.

यात एसएसएल घडवणाऱ्यांची चूक काढू नये. त्यांनी क्रम ठरवला तेव्हा एक पत्ता एक साइट हाच रिवाज होता. रिवाज नंतर बदलला आणि कुलूप जुन्या रिवाजात अडकून पडलं. त्यातून व्यवहारात वाट एकच उरली: ज्या साइटला सर्टिफिकेट हवं तिला तिचा स्वतंत्र पत्ता द्या. ब्राउझर कोणत्या आयपीवर आला एवढ्यावरून सर्व्हरने सर्टिफिकेट ओळखावं. आमचा हा अबोल गृहस्थ असा कामाला लागला. कुणी एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या पोर्टांवर वेगवेगळी सर्टिफिकेटं लावून पाहत, ८४४३ वगैरे. पण मग साइटच्या नावापुढे कोलन देऊन तो आकडा लिहावा लागे आणि कितीतरी ऑफिसांच्या फायरवॉल ते पोर्ट अडवत. दुकान चालवणाऱ्याला हे परवडणारं नव्हतं.

त्या काळात वेबसाइटी करून देणाऱ्या मंडळींना फोनवर एक संवाद पुन्हा पुन्हा करावा लागे. समोर बहुधा एखादे दुकानदार काका.

“काका, ऑनलाइन पैसे घ्यायचे तर एसएसएल बसवावं लागेल. आणि त्याच्यासाठी डेडिकेटेड आयपी.”

“ते काय असतं?”

“साइटचा स्वतःचा पत्ता.”

“मग आत्ता आपली साइट कुणाच्या पत्त्यावर आहे?”

हा प्रश्न फार नेमका आहे. आपलं डोमेन आपण विकत घेतलं, पान आपलं, फोटो आपले, आणि तरी पत्ता दीडदोनशे अनोळखी साइटींबरोबर वाटून घेतलेला आहे, हे बऱ्याच जणांना सर्टिफिकेटच्या निमित्तानेच पहिल्यांदा कळत असे.

डेडिकेटेड आयपी आणायची रीत ठरलेली होती. होस्टिंग कंपनीकडे मागणी नोंदवायची. ‘कशासाठी हवा?’ असा रकाना असे, आणि त्यात ‘एसएसएल’ एवढं लिहिलं की पुरे. होस्टिंग कंपन्यांना आपल्याकडच्या पत्त्यांचा हिशेब पत्ते वाटणाऱ्या संस्थांना द्यावा लागे, आणि त्या हिशेबात हे कारण चालत असे. मग दरमहा किंवा दरसाल त्याचं भाडं, सर्टिफिकेटच्या किमतीहून वेगळं. पत्ता मिळाला की डोमेनचा ए रेकॉर्ड, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी नोंद, बदलायचा. जुना पत्ता ठिकठिकाणच्या डीएनएस सर्व्हरांच्या स्मरणात असतो, त्यामुळे नवा सगळीकडे पोचेपर्यंत काही तास, कधी दोन दिवसही जात. तेवढ्या वेळात एका गिऱ्हाइकाला साइट नव्या पत्त्यावर दिसे आणि दुसऱ्याला जुन्या. जाणता माणूस आधी टीटीएल, म्हणजे पत्ता स्मरणात ठेवायची मुदत, कमी करून ठेवी, मग पत्ता बदली, सगळीकडे स्थिरस्थावर झालं की सर्टिफिकेट बसवी. हा क्रम चुकला की पाहुण्याला भलत्याच साइटचं सर्टिफिकेट दिसे. पत्ता मागायचा शाळेचा, आणि त्याच सर्व्हरवरच्या एखाद्या पंपविक्रेत्याचं नाव ब्राउझर लाल अक्षरांत दाखवणार: ही साइट ती नव्हे, सावध राहा. सामान्य माणूस ते वाचून परत फिरत असे, आणि त्याने फिरावंच, कारण त्या इशाऱ्यामागचा विचार बरोबर होता.

या पत्त्याच्या स्वभावातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो नवा कधीच नसतो. आज तुमच्या नावावर लागलेला पत्ता काल दुसऱ्या कुणाकडे होता. त्या आधीच्या भाडेकरूने त्यावरून लाखो नकोशा ईमेल पाठवल्या असतील, तर तो पत्ता काळ्या यादीत गेलेला असतो, आणि यादी माणसाचं नाव लिहीत नाही, पत्त्याचं लिहिते. नवा भाडेकरू हौसेने साइट सुरू करतो, ऑर्डरच्या पावत्या ईमेलने पाठवतो, आणि त्या गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. मग स्पॅमहाउससारख्या संस्थेकडे अर्ज करायचा, पत्त्यामागचा माणूस बदलला आहे हे सांगायचं. उलट तोच पत्ता सोडून तुम्ही गेलात आणि डीएनएसमधली जुनी नोंद पुसायला विसरलात, तर तुमच्या डोमेनचा एखादा उपविभाग पुढच्या भाडेकरूच्या सर्व्हरवर जाऊन पोचतो. त्याच्या मनात असेल तर त्या नावाचं खरंखुरं सर्टिफिकेटही तो मिळवू शकतो. म्हणून पत्ता घेताना त्याचा इतिहास तपासावा आणि सोडताना नोंदी पुसाव्यात, हे मी प्रत्येकाला सांगतो. पुष्कळजण घेतानाची काळजी घेतात, सोडतानाची घेत नाहीत.

दरम्यान त्याचं कुळ संपत चाललं होतं. एका सर्व्हरवर दोनशे कुलूपबंद साइटी असतील तर दोनशे पत्ते खर्ची पडत, केवळ त्या एका पेचापायी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच खंडीय संस्थांना एकेक देऊन टाकण्यात आले. एका गठ्ठ्यात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते. आपला भाग सांभाळणारी एपीनिक ही संस्था ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. तिचा वाटा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि शिधावाटप सुरू झालं. आता नव्या सभासदाला तिथून जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. उत्तर अमेरिकेचा साठा सप्टेंबर २०१५ मध्ये आटला, युरोपचा नोव्हेंबर २०१९ मध्ये.

जे संपतं त्याला भाव येतो. २०११ मध्येच दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरला घेतले, म्हणजे एकेक सव्वाअकरा डॉलरला. एमआयटीकडे जुन्या काळापासून एक अख्खा गठ्ठा होता. त्यातला मोठा हिस्सा २०१७ मध्ये ॲमेझॉनकडे गेला. आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनच्या क्लाउडवर प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४, म्हणजे याच बत्तीस बिटी, पत्त्याला तासाला अर्धा सेंट भाडं लागतं, तो वापरात असो वा नसो. वर्षाचे जवळपास ४४ डॉलर.

डेडिकेटेड आयपीला सुट्टी देणारा उपाय मात्र टंचाईच्या पुष्कळ आधी कागदावर आला होता. जून २००३ मध्ये टीएलएसला, म्हणजे एसएसएलच्या पुढच्या पिढीला, एक छोटी जोड मिळाली: सर्व्हर नेम इंडिकेशन, एसएनआय. ब्राउझरने पहिल्याच नमस्काराला, किल्ली ठरण्याआधी, साइटचं नाव सांगून टाकायचं. बस. पेच सुटला. एका पत्त्यावर हजार सर्टिफिकेटं ठेवा, ज्याचं नाव ऐकू येईल त्याचं दाखवा.

मग तो २००३ मध्येच निवृत्त का झाला नाही? कारण नाव सांगायचं ते ब्राउझरने, आणि जगातले सगळे ब्राउझर एका दिवसात बदलत नसतात. फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीला २००६ मध्ये हे जमू लागलं. इंटरनेट एक्स्प्लोररला विंडोज व्हिस्टावर जमलं, पण विंडोज एक्सपीवर कधीच नाही, कारण तिथलं कुलूप ब्राउझरचं नसून विंडोजचं होतं आणि त्यात ही जोड घातलीच गेली नाही. अँड्रॉइडच्या दुसऱ्या पिढीच्या फोनांवर मूळचा ब्राउझरही मुका. सर्व्हरच्या बाजूलाही सावकाशीच होती: अपाचीला जुलै २००९ उजाडला, मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसला २०१२. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्या, बँका, सायबर कॅफे या सगळ्यांत एक्सपी घट्ट रुतून बसलेलं. साइटवाल्याने काय करावं? नव्या पद्धतीने पैसे वाचवावेत तर एक्सपीवरच्या गिऱ्हाइकाला लाल इशारा दिसणार. त्या गिऱ्हाइकासाठी, ज्याच्याकडे जुना संगणक आहे आणि नवा घ्यायची ऐपत नाही, लोक डेडिकेटेड आयपीचं भाडं भरत राहिले. त्याच्या कारकिर्दीतला हा काळ मला सर्वांत आदराचा वाटतो. सुधारणा ज्यांच्यापर्यंत पोचली नव्हती त्यांच्यासाठी तो जागेवर टिकून राहिला होता.

ही सेवा किती महाग पडू शकते याचा अंदाज साइटी जगभर पोचवणाऱ्या ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंट या सेवेवरून येतो. तिथे जगभरातल्या प्रत्येक केंद्रावर तुमच्यासाठी वेगळे पत्ते अडवून ठेवावे लागतात. २०१३ मध्ये त्यांनी अशा सर्टिफिकेटला महिन्याला ६०० डॉलर आकारायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी एसएनआयचा पर्याय दिला, त्याला जादा पैसे नाहीत. काम तेच, कुलूप तेच, फरक फक्त जुन्या ब्राउझरांना सांभाळून घेण्याचा.

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीची साथ सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस क्लाउडफ्लेअरने आपल्या फुकट गिऱ्हाइकांनाही एसएनआयच्या बळावर सर्टिफिकेटं देऊन टाकली. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी संस्था सर्वांसाठी खुली झाली: सर्टिफिकेट फुकट, नव्वद दिवसांचं, नूतनीकरण आपोआप. जुलै २०१८ पासून क्रोमने कुलूप नसलेल्या प्रत्येक साइटवर ‘सुरक्षित नाही’ असं लिहायला सुरुवात केली. आता प्रत्येक साइटला सर्टिफिकेट हवंच. या सगळ्यांना एकेक पत्ता द्यायचा म्हटला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर ४२९ कोटींच्या आकड्यातच आहे. आयपीव्ही६ या पुढच्या पिढीच्या पद्धतीत पत्ते अमाप आहेत, पण नुसत्या आयपीव्ही६ वर साइट ठेवली तर आयपीव्ही४ वरून येणारा पाहुणा दाराशीही पोचत नाही.

एसएनआयने त्याला दिलेल्या या सुट्टीला एक किंमत आहे. ब्राउझर पहिल्या नमस्काराला जे नाव सांगतो ते उघड्यावर सांगतो. तुम्ही कोणतं पान वाचता ते झाकलेलं, पण कोणत्या साइटवर गेलात ते वाटेतल्या प्रत्येकाला दिसतं. डेडिकेटेड आयपीच्या काळी नाव घ्यावं लागत नव्हतं हे खरं, पण तो पत्ता एकाच साइटचा, म्हणजे नुसता आकडा पाहूनही ओळख पटायची. एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो या नव्या पद्धतीत हे पहिलं नावही झाकलं जातं. तिथे झाकण्याचा उपयोग व्हायला एकाच पत्त्यावर अनेक साइटी असाव्या लागतात. गर्दी असेल तरच कोण कुणाकडे आलं ते कळत नाही, आणि हा तर एकट्याचा.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अजूनही काही ठिकाणी होस्टिंगच्या बिलात ‘सुरक्षा’ या सदराखाली डेडिकेटेड आयपीची ओळ असते, आणि गावची शाळा, वाचनालय, बचत गट ती दरसाल भरतात. साध्या साइटच्या सर्टिफिकेटसाठी आज त्याची गरज नाही. त्याने कुलूप तसूभरही मजबूत होत नाही. शेअर्ड आयपीवरच्या आणि स्वतंत्र आयपीवरच्या साइटचं एन्क्रिप्शन अगदी एकसारखं असतं. बिल घेऊन बसा, होस्टिंगवाल्याला विचारा: “हा आयपी नक्की कशासाठी?” उत्तर ‘एसएसएलसाठी’ असं आलं तर ती ओळ काढायला सांगा. ते पैसे बॅकअपवर खर्च करा.

त्याला घरी बसवा असं मात्र मी म्हणत नाही. त्याची खरी कामं आजही आहेत. स्वतःच्या सर्व्हरवरून भरपूर ईमेल पाठवणाऱ्याला तो हवा, म्हणजे पत निर्माण होईल ती स्वतःची. पण तिथेही आधी त्याला वॉर्मअप करावं लागतं, थोड्या ईमेलपासून हळूहळू वाढवत न्यावं लागतं. महिन्याला चारदोनशे ईमेल पाठवणाऱ्याची पत बनतच नाही, त्याला शेअर्डच बरा. पलीकडच्या यंत्रणेने ठरावीक पत्त्यालाच आत घ्यायचं असेल तिथेही तो हवा: बँकेची एपीआय, पेमेंट गेटवे, कंपन्यांचे आपसातले व्यवहार. मुंबईच्या सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो व्यवहारांसाठी ब्रोकरकडे नोंदवलेल्या स्टॅटिक आयपीवरूनच एपीआय वापरता येईल अशी अट घातली. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. डेडिकेटेड म्हणजे न वाटलेला. दोघे सख्खे भाऊ. दुकानदार त्यांची गल्लत करतात आणि नको तो घेऊन येतात, म्हणून मागताना दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात. शिवाय सेन्सॉरशिपचा एक पदर आहे. एप्रिल २०१८ मध्ये रशियाने टेलिग्राम अडवण्यासाठी ॲमेझॉन आणि गूगलचे लाखो पत्ते बंद केले तेव्हा टेलिग्रामशी काही संबंध नसलेल्या असंख्य सेवा कोसळल्या. असे अख्खे पट्टे बंद झाले तर स्वतंत्र पत्ताही वाचवत नाही, पण एकेक पत्ता अडवला जातो तेव्हा वाटून घेतलेल्या पत्त्यावर शेजाऱ्याची शिक्षा आपल्याला भोगावी लागते. ज्याच्या कामात अशी शिक्षा परवडणार नाही, त्याने स्वतंत्र पत्त्याचं भाडं जरूर द्यावं.

इतकी वर्षं तो सर्टिफिकेट पुढे करत आला, पण त्या सर्टिफिकेटवर नाव साइटचं असे. त्याच्या स्वतःच्या नावाची सर्टिफिकेटंही निघत, पण क्वचित आणि बहुधा पैसे मोजून; क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ या डीएनएस सेवेचं तसं आहे. जुलै २०२५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टने पहिल्यांदा नुसत्या आयपी ॲड्रेसच्या नावाने सर्टिफिकेट दिलं, फुकट. डोमेन नाही, चार आकडे हेच नाव. घरातल्या सर्व्हरला, डीएनएस सेवेला, थोडा वेळ उभ्या केलेल्या यंत्राला त्याचा उपयोग. त्याची मुदत १६० तास, सहा दिवसांहून थोडी जास्त. डोमेनच्या नावाने नव्वद दिवसांचं देणारी संस्था पत्त्याच्या नावाने आठवडाभराचंही देत नाही, कारण पुढच्या आठवड्यात तो पत्ता कुणाकडे असेल याची हमी कुणालाच देता येत नाही.